पुढचा प्रश्न

१७ फेब्रुवारी

आज लॉ कॉलेजची मुलाखत झाली. बाहेरच्या बाकावर बसलेल्या पोरांनी मला मुलाखत घेणाऱ्यांपैकी समजून उठून जागा दिली. मग माझ्या हातात त्यांच्यासारखीच फाइल दिसली तेव्हा सगळी एकेक करत परत बसली आणि मला बाकाचा कोपरा उरला. त्रेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थी व्हायला निघालं की असंच होणार.

आत तिघं होते. प्राचार्य, एक निवृत्त न्यायाधीश, आणि कॉलेजचं मोफत सल्ला केंद्र चालवणाऱ्या मॅडम. या कॉलेजात थोड्या जागा नोकरी केलेल्या लोकांसाठी ठेवलेल्या असतात, तिथे गुणांपेक्षा अनुभव बघतात. माझ्यासारख्याला तेवढंच एक दार. प्राचार्यांनी विचारलं, विमा कंपनीत बारा वर्षं काय शिकलात?

मी म्हटलं, गप्प बसायला.

न्यायाधीश हसले आणि मी सुटलोच. सांगितलं की माझं काम जबाब घेण्याचं. कुठे आग लागली, गाडी ठोकली, कुणाचा पाय मोडला की पैसे द्यायच्या आधी कंपनी मला पाठवते. मी एक साधा प्रश्न विचारतो. समोरचा घरून पाठ करून आणलेलं उत्तर देतो. ते ऐकायचं आणि मग अळीमिळी गुपचिळी. नुसतं त्याच्याकडे बघत राहायचं, तेही मायेने. माणसाला शांतता सोसत नाही. तो आपण होऊन आणखी एक वाक्य बोलतो आणि कंपनीला हवं असतं ते नेमकं त्या वाक्यात असतं. ते मिळालं की पेनाला टोपण लावायचं आणि चहा मागवायचा. पुढे एक अक्षर विचारायचं नाही. कारण पुढे विचारलं की माणूस कारणं सांगायला लागतो, आणि कारणं कागदावर आली की क्लेम द्यावा लागतो.

नमुना म्हणून त्या ट्रकवाल्याची गोष्ट सांगितली, जो दोन मिनिटांच्या शांततेत 'डोळा जरासा लागला होता' एवढं बोलून बसला. न्यायाधीशांना फारच आवडली. मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या ड्रायव्हरचं पुढे काय झालं?"

"फाइल बंद झाली."

"मी फाइलचं नाही विचारलं."

मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. फारच खडूस बाई दिसते.

वकील का व्हायचंय, याला मी उत्तर दिलं की आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, त्या लोकांच्या शेजारी बसायचंय. बोलायला छान वाटलं. खरं किती ते देव जाणे. खरं हे पण आहे की माझ्या जबाबांवर वकील केस जिंकून बाहेर येतात तेव्हा मी पार्किंगमध्ये त्यांच्या बॅगा धरून उभा असतो. त्याचा मला राग येतो.

४ मार्च

प्रवेश मिळाला. पत्रात लिहिलंय, 'अनुभवाचा विचार करून'. ते मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती हॉस्पिटलच्या औषधखान्यात काम करते, गोळ्या मोजून मोजून तिचं बोलणंही मोजकं झालंय. म्हणाली, "प्रवेश मिळाला ना अनुभवावर? मग आता तो दाराबाहेर ठेवून वर्गात जा, छत्रीसारखा."

"का? तोच तर माझा हुकमी एक्का."

"जित्याची खोड असते रे ती. घरात पण तेच करतोस."

मुलगी टपलेलीच होती. म्हणाली, "बाबा, तू काही विचारून गप्प बसतोस ना, तेव्हा मी न केलेलं पण कबूल करते. परवाची कपबशी मी फोडली नव्हती."

मग कोणी फोडली, असं मी विचारलं आणि तिच्याकडे बघत राहिलो. दोघी हसत सुटल्या. कपबशी बायकोने फोडली होती.

नोकरीचा राजीनामा पुढच्या महिन्यात. घर तिच्या पगारावर चालणार. तिने त्याचं एका शब्दानेही ओझं दाखवलं नाही, त्यामुळे मलाच जास्त वाटतंय.

११ सप्टेंबर

दोन वर्षं या वहीला हात लावला नाही. अभ्यासाने जीव मेटाकुटीला आला होता, कोण लिहितंय. आज आवरताना सापडली.

आता शेवटचं वर्ष. वर्गात मला सगळे काका म्हणतात. पहिल्या वर्षी टोचायचं, आता कोणी नावाने हाक मारली तर मागे वळून बघतो, कोणाला बोलावतायत म्हणून. पाठांतरात मी रडतखडत पास होतो. पण साक्षीदाराला प्रश्न विचारण्याची तोंडी परीक्षा असली की पोरं माझ्या गटात यायला भांडतात.

सल्ला केंद्रात मॅडमनी माझी जोडी चष्मिषशी लावलीय. चष्मिष म्हणजे वर्गात पहिली येणारी पोर, बावीस वर्षांची, चष्मा नाकापेक्षा मोठा. कायद्याची कलमं झोपेत विचारली तरी सांगेल, पण आयुष्यात एक दिवस नोकरी केलेली नाही. समोरचा काहीही बोलला की हिचं ठरलेलं, "का?" लहान मुलांसारखं. परवा एक म्हातारा घरमालकाची तक्रार घेऊन आला होता. हिच्या 'का' मुळे तो स्वतःच्या लग्नापर्यंत मागे गेला. मी तिला म्हटलं, अगं प्रश्न म्हणजे पाण्याचा नळ, कधी बंद करायचा हे कळलं पाहिजे.

"काका, पण तो खरंच काय सांगत होता ते तेव्हाच कळलं ना."

त्यात थोडं तथ्य होतं. तिला ते बोलून दाखवलं नाही.

पुढच्या नोकऱ्यांसाठी वकिलांची तीन मोठी ऑफिसं कॉलेजात येऊन गेली. चष्मिषला तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न, अनुभव? बिचारी म्हणते, "अनुभव यायला कोणीतरी आधी नोकरी द्यायला नको का?" मला तिघांनी पुन्हा भेटायला बोलावलंय. आतून बरं वाटलं आणि तिच्यासमोर वाईट वाटल्याचं तोंड केलं.

३ ऑक्टोबर

आज नवीन केस आली. एक ताई, हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत कामाला. तिथे इस्त्रीचं मोठं मशीन असतं, दोन गरम रूळ, चादर एकीकडून आत जाते आणि दुसरीकडून कडक होऊन बाहेर येते. ताईंचा उजवा हात चादरीबरोबर आत गेला. जखमा भरल्यात, पण बोटं मिटलेली राहिलीत, मुठीसारखी. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन केलं तर उघडतील, मात्र लवकर करायला हवं. पूर्ण भरपाई मिळाली तरच ते ऑपरेशन होईल. लाँड्रीच्या विमा कंपनीने नुकसान तपासायला बैठक ठेवलीय.

ताई फार कमी बोलतात. मला 'वकीलसाहेब' म्हणाल्या. मी अजून वकील नाही हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कानाला गोड लागलं.

रुळांच्या पुढे एक जाळी असते. हात जवळ गेला की जाळी ढकलली जाते आणि मशीन थांबतं. मी विचारलं, "त्या दिवशी जाळी होती?"

"नव्हती."

मनात म्हटलं, झालं काम. जाळी नसेल तर चूक लाँड्रीची. चष्मिष लगेच पुढे झाली, "का नव्हती?" मी तिला तिथेच थांबवलं. ताई गेल्यावर समजावलं की बैठकीत जेवढं विचारतील तेवढंच सांगायचं असतं, आणि आपल्याला जितकं कमी माहीत तितकं लपवायला कमी. तिला पटलं नाही. पण मी बारा वर्षं याच टेबलावर बसलोय म्हटल्यावर गप्प बसली.

१९ ऑक्टोबर

मॅडमना आमच्या बैठकीच्याच वेळी दुसऱ्या केससाठी कोर्टात उभं राहायचंय. मला वाटलं तारीख पुढे घेतील. त्या म्हणाल्या, "ताईंचं ऑपरेशन लांबतंय. तुम्ही आहात म्हणून मी जातेय. दुसरं कोणी असतं तर नसते गेले."

पहिल्यांदा त्यांनी माझं कौतुक केलं. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "जपून." एवढंच.

विमा कंपनीकडून कोण येणार ते कळलं. आमचा जुना गोडबोल्या वकील. आमच्या क्लेम विभागाने ठेवलेलं नाव, कारण माणसाचा खिसा कापतानाही तो आधी तब्येत विचारतो. माझे कितीतरी जबाब घेऊन तो कोर्टात गेलाय. त्याचा एकूण एक डाव मला पाठ आहे. आता येऊ दे समोर.

२२ ऑक्टोबर

बैठक झाली. तडजोड झाली. ताईंना पैसे मिळणार, पण मागितले त्याच्या निम्मे.

कसं झालं ते लिहून ठेवतो. लांब टेबल, एका बाजूला गोडबोल्या आणि त्याचा लिहून घेणारा, दुसऱ्या बाजूला मी, मधे ताई, पलीकडे चष्मिष. गोडबोल्याने ठरल्याप्रमाणे तब्येत विचारली, मला मिठी मारली, मग ताईंना म्हणाला, त्या दिवशी काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा. ताईंनी नीट सांगितलं. सांगताना त्या त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या, नवख्या माणसाला ओळखीचं तोंड बरं वाटतं. शेवटी म्हणाल्या, "जाळी नव्हती." आणि थांबल्या.

तिथे संपायला हवं होतं. गोडबोल्याने पुढचं काही विचारलं नव्हतं. पण माझ्याकडे बघून एक माणूस उत्तर देतोय, उत्तर पाठ केल्यासारखं येतंय, आणि माझ्या हातात पेन आहे. माझ्या तोंडून गेलं, "नव्हती, म्हणजे?" आणि मी गप्प बसलो. त्यांच्याकडे बघत राहिलो, मायेने.

ताई म्हणाल्या, "म्हणजे मीच काढली होती. सकाळी."

गोडबोल्याचा माणूस भराभरा लिहायला लागला. ताई माझ्याकडेच बघत राहिल्या. चष्मिष पुढे वाकली, तिने 'का' म्हणायला तोंड उघडलंच होतं, मी तिच्या वहीवर हात ठेवून तिला थांबवलं. पेनाला टोपण लावलं. गोडबोल्याने हसून चहा मागवला.

नंतर पॅसेजमध्ये तो म्हणाला, जाळी तिनेच काढली म्हणजे तिचीच चूक, कोर्टात गेलात तर दमडी मिळणार नाही, जुनी ओळख म्हणून निम्मे देतो, पण आजच. मी ताईंना समजावलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. दगडापेक्षा वीट मऊ. त्यांनी विचारलं, "ऑपरेशन होईल यात?" मी म्हटलं, बघू या काहीतरी. त्यांनी डाव्या हाताने सही केली. सवय नसल्यामुळे बराच वेळ लागला, तोवर आम्ही सगळे उभे होतो.

मॅडमना फोनवर कळवलं तर त्यांनी 'बरं' म्हणून ठेवून दिला. चष्मिष बसस्टॉपपर्यंत माझ्याशी बोलली नाही. लहान आहे. निम्मे मिळाले ते दिसत नाहीत तिला. उलट, जाळी स्वतःच काढली हे ताईंनी मला आधी सांगायला नको होतं का? उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि बोल लागतो मला.

२६ ऑक्टोबर

गोडबोल्याचा फोन. त्याच्या ऑफिसात जागा आहे. परीक्षा झाली की रुजू व्हायचं, विमा कंपन्यांच्या बाजूच्या केसेस. "कॉलेजातली हुशार पोरं खंडीभर येतात रे, पण तुझ्यासारखा हात कोणाचा नाही. त्या दिवशी तू विचारलंस ना, तसं मलाही सुचलं नसतं."

मला वाटलं, तो टोमणा मारतोय. पण त्याने मनापासून म्हटलं होतं.

मी विचार करतो म्हटलं. पगार चांगला आहे, आणि त्या तीन ऑफिसांनी वय बघून नंतर नकारच कळवलाय. बायकोने किती दिवस एकटीने ओढायचं?

२९ ऑक्टोबर

गोडबोल्याला हो म्हटलं. काही लिहावंसं वाटत नाही.

२ नोव्हेंबर

चष्मिष ताईंना तडजोडीच्या कागदाची प्रत द्यायला त्यांच्या घरी गेली होती. आज कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसली. चष्मा काढून पुसत होती, तेव्हा कळलं की रडून आलीय.

"काका, जाळी त्या सगळ्याच बायका काढायच्या. रोज सकाळी. सुपरवायझर दारात उभा राहून काढायला लावायचा. जाळी असली की मशीन सारखं थांबतं आणि हॉस्पिटलच्या चादरी वेळेवर जात नाहीत. जी काढणार नाही तिला घरी पाठवायचा. सगळ्या जणी सांगायला तयार आहेत."

मी चहाचा कप बाजूला सारला.

"मी विचारणारच होते," ती म्हणाली.

मला माहीत आहे. तिच्या वहीवर माझा हात होता.

३ नोव्हेंबर

मॅडमकडे गेलो. विचारलं, तडजोड पुन्हा उघडता येईल का?

"सही झालीय. शेवटची तडजोड म्हणून झालीय. समजून-उमजून केली, शेजारी सल्ला द्यायला माणूस होता. पुन्हा उघडायला कारण काय दाखवणार?"

"सल्ला देणाऱ्याची चूक."

"पुढचा प्रश्न विचारला नाही, ही चूक कोर्टात चूक धरत नाहीत. मी काल दोघा सीनियरना विचारून बघितलं."

म्हणजे त्यांना माझ्या आधीच कळलं होतं, आणि त्यांनी मला बोलावून झापलं नव्हतं. झापलं असतं तर बरं झालं असतं. मग त्या म्हणाल्या, "त्या मुलाखतीत तुम्हाला घ्यायचं नाही असं माझं मत होतं. मग वाटलं, समोरचे कसे विचारतात ते ज्याला आतून माहीत आहे, त्याच्याइतकं आपल्या माणसाला कोण सांभाळेल. तुमचा अनुभव मी मोजला, तो कोणाच्या बाजूचा आहे ते नाही बघितलं. आणि त्या दिवशी मी तिथे नव्हते. ताईंना हे मीही जाऊन सांगणार आहे."

मी म्हटलं, आधी मी जातो. त्या म्हणाल्या, जा.

पण गेलो नाही. घरी आलो.

८ नोव्हेंबर

बायको कपड्यांचं कपाट लावत होती. मी शेजारी उभा राहून हे ते बोलत होतो. तिने हातातलं काम न थांबवता विचारलं, "त्या ताईंचं काय झालं रे?"

"तडजोड झाली. सांगितलं ना तुला."

साडीची घडी छातीशी धरून माझ्याकडे बघत राहिली. मला ही शांतता कळते, अख्खं आयुष्य तिच्यावर काढलंय. तरी माझ्या तोंडात तीळ भिजला नाही. जाळी, सुपरवायझर, चष्मिषच्या वहीवरचा हात, गोडबोल्याची नोकरी आणि मी त्याला हो म्हटलंय ते, सगळं भडाभडा सांगितलं.

मी मनात म्हटलं, आता ही थांबेल. मी थांबलो असतो.

ती म्हणाली, "का हो म्हणालास?"

घरासाठी, असं मी म्हटलं. तुझ्यासाठी. ती म्हणाली, माझ्यासाठी म्हणून सांगू नकोस, मी मागितलेलं नाही. मग म्हटलं, वयामुळे. मला आता दुसरं कोण घेणार? ते तिने ऐकून घेतलं. मग म्हटलं, त्याने मला चांगला म्हटलं म्हणून. पहिल्यांदा कोणीतरी मला बॅग धरायला नाही, तर आत बसायला बोलावलं म्हणून. हे बोलल्यावर मला स्वतःची फार लाज वाटली. तिने साडी कपाटात ठेवली.

"आणि ताईंना हे सगळं सांगितलंस?"

"नाही."

"का?"

मी कपाटाचं दार लावून टाकलं. ती मग आग्रह न करता स्वयंपाकघरात गेली. एवढ्या वर्षांत मी तिला 'का' असं कितीदा विचारलं असेल, ते आठवून बघत होतो. आठवेना.

१२ नोव्हेंबर

सकाळी गोडबोल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, वेडा आहेस, आणि तब्येत सांभाळ. मला हलकं वाटलं. वाटलं, आता ताईंकडे जायला तोंड आहे.

ताई दोन खोल्यांत राहतात, जिना चढून. दार उघडंच होतं. खाटेवर चादरींचा ढीग. लाँड्रीतल्या मैत्रिणी घडीचं काम घरी आणून देतात, म्हणाल्या. चादरीचं एक टोक हनुवटीखाली, एक डाव्या हातात, आणि उजवी मूठ मधे दाबून घडी घालत होत्या. मी बसलो नाही. त्यांनी चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, पाहुण्याला पाणी द्यावं इतक्या सहज.

मी सगळं सांगितलं. की ती चूक त्यांची नव्हती. की मी विचारायला नको ते विचारलं आणि विचारायला हवं होतं तिथे थांबलो. की चष्मिष विचारणार होती, तिला मीच अडवलं. की आता काहीही करता येत नाही. शेवटी हेही सांगितलं की त्या वकिलाने मला नोकरी दिली होती आणि आज मी ती नाकारली. हे शेवटी का सांगितलं? काहीतरी मिळावं म्हणून, दुसरं काय.

त्यांनी चादर झटकली. "का नाकारलीत?"

"मला पटेना."

"घ्यायची होतीत. तुम्ही नोकरी सोडून माझी बोटं थोडीच उघडणार आहेत. तुमचं तरी झालं असतं."

हे त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं. रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोललो असतो. आम्ही ती चादर पुरी केली आणि दुसरी घेतली. मी म्हटलं, "ताई, सुपरवायझरचं तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

त्या जरा वेळ टोकं जुळवत राहिल्या.

"त्या पहिल्या दिवशी ती मुलगी विचारत होती, तर तुम्ही नको म्हणालात. मला वाटलं, सांगायचं नसतं. मग बैठकीत तुम्ही स्वतःच विचारलंत, नव्हती म्हणजे? तेव्हा मला वाटलं, आता सांगायचं. म्हणून मी सांगायला लागले. मीच काढली म्हटलं आणि थांबले. तुम्ही 'का' म्हणाल म्हणून तुमच्याकडे बघत थांबले होते."

मी टोक धरून उभा होतो.

"मग तुम्ही पेनाला टोपण लावलंत. म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, झालं असेल त्यांचं काम. मधे कसं बोलायचं?" मग म्हणाल्या, "ओढा तिकडून, सुरकुती राहिलीय."

मी ओढलं. ढीग संपेपर्यंत आम्ही घड्या घातल्या.